संगमरवराची सवत

"मेल्यावर एवढा संगमरवर ओतला, जित्यापणी बायकोला टोपलीभर तरी सावली दिली होती का त्या गड्यानं?"

शिवांजली बोलून गेली. तिच्या हातातला ब्रश नवरीच्या गालावर तसाच राहिला... कारण मागून कुणीतरी खाकरलं.

कडेगावच्या बाहेर, उसाच्या रानात ते पांढरंधोप स्मारक उभं होतं. चार कोपऱ्यांना मनोरे, वर घुमट, आत हातात कमळ घेतलेला बाईचा पुतळा. लग्न ठरलेली जोडपी इथं फोटो काढायला यायची. मेलेल्या बाईच्या दारात एकमेकांच्या गळ्यात पडायची आणि निघून जायची. नवऱ्या सजवणारी शिवांजली आटपाडीहून आज पहिल्यांदाच आली होती.

खाकरणारा माणूस उंच, फौजी चणीचा. हातात ओलं फडकं.

"चपला काढून बसा," तो म्हणाला. "आणि तो गडी मीच हाय."

दुसरी कुणी असती तर जमीन दुभंगायची वाट बघत बसली असती. हिनं चपला काढल्या आणि मान वर केली. "मग द्या की उत्तर."

"उत्तर पायजे का पाणी? ऊन लय हाय."

"आधी पाणी. उत्तर राखून ठेवा."

तो हसला. तिथंच सगळा घोळ झाला.

वीरधवल त्याचं नाव. बायको, राजनंदिनी, तापानं गेली तेव्हा तो सीमेवर होता. फौजेतून सुटून आला आणि हे बांधून बसला. गावानं त्याला देव केलं. "नवरा असावा तर असा!" म्हणत बायका पुतळ्याला नमस्कार करायच्या.

शिवांजली मात्र कडेगावचं काम आलं की दोन गिऱ्हाइकं सोडून धावायची. पुढं पुढं तर काम नसतानाही.

"आज नवरी कुटं हाय?"

"न्हाई नवरी. वाट चुकले."

"आटपाडीची गाडी नेमकी हितंच चुकती व्हय?"

"डायवर नवा असंल," ती म्हणायची. तो माठातलं पाणी द्यायचा. तांब्या देताना बोटाला बोट लागायचं — दोघंही उसाकडं बघायची, जणू उसालाच काहीतरी झालंय.

पण मग तो उठायचा. फडकं पिळायचा आणि पुतळ्याचा गाल पुसायचा. हळू... फार हळू. शिवांजली जळफळायची. जिती सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. हिच्या झिंज्यासुद्धा दगडाच्या! भांडावं तर उत्तर देत नाही, म्हातारी होत नाही, चूल फुंकून घामेजत नाही. अशा बाईपुढं हाडामांसाच्या बाईनं टिकायचं कसं?

त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा ती व्हय म्हणाली खरी, पण नजर पुतळ्यावरच होती. बघ म्हणावं!

पुतळ्यानं काही मनाला लावून घेतलं नाही.

मग ती त्याच्या आईला भेटायला गेली. शालूबाईंनी ओटीत चांदीचा छोटा टाक ठेवला. त्यावर बाईचा मुखडा ठोकलेला.

"पोरी, ही राजनंदिनी. पयली गेल्यावर दुसरीनं तिला गळ्यात घालायची, ही आमच्या घराची रीत हाय."

शिवांजलीच्या डोक्यात जाळ झाला. "आवं मावशी, रानात ती, ह्यांच्या मनात ती, आता गळ्यातबी तीच? मग मी कुटं बसू?"

टाक मुठीत घेऊन ती तडक रानात गेली. तो फडकं पिळत होता.

"राखून ठेवलेलं उत्तर द्या आज. हिला काय आवडायचं?"

तो गडबडला. "कमळ..."

"ते कारागिरानं दिलंय. तुमच्या गावात तळं तरी हाय का? खायला काय आवडायचं?"

"मी सुट्टीला यायचो, तवा... माझ्या आवडीचंच करायची."

"रुसायची कशी? कशाला भ्यायची?"

त्याच्या फडक्यातून पाणी गळत राहिलं. चेहऱ्यावर असा भाव, की रांगेत नाव विचारलं आणि स्वतःचंच नाव आठवेना.

शिवांजली बघत राहिली. इतके महिने ती जिच्यावर जळत होती, तिच्या वाट्याला जळण्याजोगं काही आलंच नव्हतं! सुट्टीपुरता नवरा आणि मेल्यावर दगड. गावच्या बायका नमस्कार करत होत्या तो ह्याला?

"एसटीची खिडकी आवडायची तिला."

मागून शालूबाई धापा टाकत आल्या होत्या. "माहेराहून येताना खिडकी गावली की दोन दिस त्याचंच बोलायची. महाबळेश्वराला जाऊ म्हणायची. ह्यो म्हणायचा, फुडच्या सुट्टीला."

वीरधवल पायरीवर बसला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "शिवा... तू गेलीस तर मी अडवणार न्हाई. राह्यलीस तर सांग, तुझ्यासाठी काय करू?"

"काय बांधू म्हणाला असता तर डोकं फोडलं असतं," ती म्हणाली. तिनं टाक स्वतःच्या गळ्यात बांधला. "इचारा मला. काय आवडतं ते. रोज इचारायचं... बदलत असतंय ते."

"आज काय आवडतं?"

"आज? ते फडकं फेका आधी."

लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात दोघं महाबळेश्वराला निघाली. साताऱ्याला गाडी बदलली. शिवांजलीनं खिडकी पटकावली. पसरणीचा घाट लागला, धुकं आत यायला लागलं, खाली वाई बारीक बारीक होत गेली. तिनं पदराआडून टाक काढला आणि गजाला टेकवून धरला, तोंड बाहेर करून.

"हे काय गं?"

"बघू द्या तिला. जाताना खिडकी तिची."

"आणि येताना?"

"येताना माझी."

वीरधवलचे डोळे भरले. तो टाकाकडं बघत राहिला, एका वळणापर्यंत, दुसऱ्या वळणापर्यंत... तेव्हा त्याच्या बरगडीत कोपर बसलं.

"पुरं की! तिला डोंगर बघू द्या. तुमी हिकडं बघा."