सकाळचा घास

सकाळी साडेआठ वाजता सुट्टीघराच्या दाराशी पोरांची रांग लागली. सोलापुरात मे महिन्यात साडेआठलाच ऊन अंगाला चिकटतं, म्हणून रांग भिंतीच्या सावलीसारखी वाकडी लागायची. प्रत्येकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बोटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी होती. ज्याची त्याची नळी वेगळी. पोरगं पुढे आलं की गळ्यातली नळी टेबलावरच्या पांढऱ्या डबीला लावायचं आणि फुंकायचं.

"पोटातून फुंक. गालातून नको," सुट्टीघर चालवणारा मल्लिनाथ म्हेत्रे म्हणाला.

भाग्या येमूलनं पुन्हा फुंकलं. ती नऊ वर्षांची होती आणि हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक. डबीवर सहा आकडा आला आणि हिरवा दिवा लागला.

"हिरवाच," ती म्हणाली. "सरकू का मामा?"

डबीचं सरकारी नाव क्षुधामापक. पोरं तिला पिपाणी म्हणत. पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचीच चरबी जाळायला घेतं. तिचा आंबूसगोड वास श्वासात उतरतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पिपाणीला कळतो. पंधराच्या वर आकडा गेला की लाल दिवा लागायचा, म्हणजे पोर उपाशी. खाली आला की हिरवा, म्हणजे जेवलेलं.

पिपाणीची तार भिंतीजवळच्या पत्र्याच्या कोठीला जोडलेली होती. जितके लाल दिवे, तितक्या पोरांचे तांदूळ आणि डाळ कोठीच्या तोंडातून खाली पडायचे. त्याच्यावर एक दाणा नाही. कोठीला कुलूप नव्हतं, कारण उघडायला दारच नव्हतं.

त्या दिवशी त्रेचाळीस पोरं आली. चौदा लाल झाली.

मल्लिनाथनं चौदा पोरांची खिचडी त्रेचाळीस ताटांत वाढली. पाणी वाढवलं, मीठ वाढवलं. दोन आठवडे तो हेच करत होता.

ताटं वाढताना त्याची नजर भाग्याच्या ओठाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं शेंगाचटणीचा लाल ठिपका वाळलेला होता.

"सकाळी काय खाल्लं गं?"

"घास."

"केवढा?"

भाग्यानं अंगठ्याचं पेर दाखवलं. "कडक भाकरीचा तुकडा, चटणी आणि गूळ. आई देती की रोज. तसंच पाठवत न्हाई."

मल्लिनाथनं शेजारच्या पोराला विचारलं. मग पुढच्याला. हिरव्या आलेल्या सगळ्यांचं तेच. कुणाला गुळाचा खडा, कुणाला साखरेची चिमूट, कुणाला चहात बुडवलेला पाव. घरात तेवढंच होतं आणि तेवढंच तोंडात घालून आयांनी पोरं धाडली होती. त्या एवढ्याशा गुळानं शरीर चरबी जाळायचं थांबवत होतं. अर्ध्या तासात श्वासातला वास जात होता. पिपाणी म्हणत होती, जेवलं.

तो पातेल्याजवळच्या पाटावर बसला. हे आयांना कुणी शिकवलं, ते त्याला माहीत होतं.

त्याची बायको कस्तुराबाई बावीस वर्षं शाळेत खिचडी शिजवायची. सुट्टीनंतर जूनमध्ये पोरं परत येत, तेव्हा त्यांच्या चड्ड्या कमरेला सुतळीनं बांधलेल्या असत. शाळा बंद की खिचडी बंद. तिनं बंद पडलेल्या सुताच्या गोदामात सुट्टीघर काढलं. सकाळी गाणी, मातीकाम, कॅरम, मागावर छोटी चटई विणायला शिकायची आणि दुपारी जेवण. सगळं फुकट. पहिल्या वर्षी आया पोरांना पाठवेनात. आम्हाला काय भीक लागली का, म्हणत. तेव्हा ती दारोदार फिरली आणि सांगत गेली, "भीक कशाची? पंगत हाय. फक्त उपाशी पाठवू नका गं. उपाशी लेकरू पंगतीत बसलं की त्याची नजर ताटावर राहते, माणसावर राहत न्हाई. लोक हावरं म्हणतात. एक घास घालून पाठवा, म्हंजे मान खाली जात न्हाई."

आयांना ते पटलं, कारण त्यांच्याही आयांनी त्यांना तसंच कुणाच्या दारी धाडलं होतं. तेव्हापासून त्या भागात घरात काही असलं तर घास दिल्याशिवाय पोर सुट्टीघराला निघत नसे.

पिपाणी नंतर आली. ती आली तेव्हा कस्तुरानं तिला हळदकुंकू वाहिलं होतं. घासही न मिळता लाजेनं "जेवलो" म्हणणारी पोरं पिपाणीनं पहिल्याच वर्षी शोधून काढली होती. त्यानंतर कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून पिपाणीची तार कोठीला जोडली. कस्तुरा ते बघायला राहिली नाही. मागच्या दिवाळीआधी ती गेली.

दुपारी तपासणीस कोरेबाई आल्या. तिशीची, घामानं भिजलेली, सरळ बोलणारी बाई. त्यांनी हातातल्या पाटीवर आकडे दाखवले.

"मामा, सलग तीन आठवडे निम्म्याहून कमी लाल आले की केंद्र आपोआप बंद होतं. मी करत नाही, आपोआप होतं. तुमचे दोन झालेत."

"पोरं उपाशी हायत, बाई."

"यंत्र म्हणतंय जेवलीत."

मल्लिनाथनं घासाचं सांगितलं. अंगठ्याचं पेर दाखवलं. कोरेबाईंनी सगळं ऐकलं. मग कपाळ पुसत म्हणाल्या, "मी वर काय कळवू? घासाला रकाना नाही. जेवला किंवा नाही जेवला, दोनच आहेत."

"मग तिसरा घाला की."

"मी घालू शकले असते तर पहिल्यांदा स्वतःच्या बदलीचा घातला असता." त्या हसल्या नाहीत. "यंत्रात बिघाड असेल तर बदलून देता येतं. थांबा, बघू."

त्यांनी पिशवीतून नवी नळी काढली. "तुम्ही फुंका."

मल्लिनाथनं फुंकलं. आकडा चढत गेला. एकवीस, तीस, बेचाळीस. लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"बिघाड नाही," कोरेबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मामा, तुम्ही कधी जेवलात?"

"परवा खाल्लं असंल. एकट्यासाठी चूल पेटवायची म्हंजे..." त्यानं कोठीकडे बघितलं. "कोठी उघडली का माझ्या लालवर?"

"नाही. तुमचं वय बसत नाही."

जाताना त्या दारात थांबल्या. चपलेचा पट्टा नीट करत, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "एक आठवडा आहे. सकाळचा घास देऊ नका म्हणून सांगा आयांना. हे मी बोलले नाही."

संध्याकाळी मल्लिनाथ पद्मा येमूलच्या दारात उभा राहिला. पद्मा, भाग्याची आई, शिलाई मशिनवर वाकली होती. तिच्याभोवती शाळेच्या गणवेशांचे निळे ढीग होते, कुठल्यातरी दूरच्या शाळेचे, ज्यांच्या खिशावर सोनेरी सिंह शिवायचा होता. नवरा दोन वर्षांपूर्वी भिवंडीला गेला होता आणि तिथंच कुणाबरोबर तरी राहिला होता.

"या की मामा. पाणी घ्या. आज कस्तुरामावशीची लई आठवण झाली बघा. तिनं शिकवलेली चटणी केली."

हे ऐकल्यावर त्याला बोलणं आणखी जड गेलं. पाणी पिऊन झालं तरी तो पेला हातात धरून बसला.

"पद्मा, उद्यापासून भाग्याला घास देऊ नकोस."

मशीन थांबली.

"काय केलं तिनं? कुणाच्या ताटातलं घेतलं का?"

"न्हाई गं. यंत्रासाठी. घास खाल्ला की ते म्हणतंय पोर जेवलंय. मग धान्य सोडत न्हाई. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात सुट्टीघर बंद."

पद्मानं सुईखालचं निळं कापड बाजूला सारलं आणि म्हणाली, "मामा, घरात काय नसलं तरी मी तेवढा तुकडा ठेवते वो. रात्री माझ्या ताटातला काढून ठेवते. तेवढाच दिल्याचं समाधान असतंय. तोबी देऊ नको?"

"देऊ नको."

"मावशी असती तर असं बोलली असती का?"

"न्हाई," मल्लिनाथ म्हणाला. "ती असती तर त्या कोठीला कुऱ्हाड घातली असती. मला तसलं जमत न्हाई. मला पोरांची खिचडी पायजे."

त्या संध्याकाळी तो सव्वीस दारांत गेला. ज्या दारांत कस्तुरानं घास द्या म्हणून सांगितलं होतं, त्याच दारांत त्यानं देऊ नका म्हणून सांगितलं. एका म्हातारीनं त्याला तोंडावर सुनावलं, "बायको मेली आणि अक्कलबी घेऊन गेली तुझी." तो म्हणाला, "होय, घेऊन गेली," आणि पुढच्या दाराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीसपैकी एकतीस लाल आले. तिसऱ्या दिवशी अडतीस. कोठी घडघडली आणि एवढे तांदूळ पडले की त्याला दुसरं पातेलं शोधावं लागलं. ते कस्तुराचं मोठं पातेलं होतं. खिचडी पुन्हा घट्ट झाली. पोरं दुसऱ्यांदा मागून खाऊ लागली. आठवडा संपता संपता कोरेबाईंनी कळवलं की केंद्र चालू राहणार. वरून शाबासकीही आली होती, खऱ्या गरजूंपर्यंत पोचणारं केंद्र म्हणून.

मल्लिनाथनं त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी पंगतीत बसून खाल्लं.

पुढच्या सोमवारी सकाळी रांगेत गोंधळ होता. पोरं एकमेकांना ढकलत होती, ओरडत होती.

"सव्वीस! माझा सव्वीस!"

"जा बे, माझा परवा एकोणतीस होता."

"त्याचा बघा, सतरा! सतरा! घरी चोरून खाल्लं बे ह्यानं!"

सतरावाल्या पोराचे डोळे भरून आले. "न्हाई खाल्लं. आईशप्पथ न्हाई खाल्लं."

मागच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं नावं लिहिली होती आणि पुढे आकडे. मल्लिनाथला वाटलं कॅरमचे असतील. जवळ जाऊन बघितलं तेव्हा कळलं. सगळ्यात वर भाग्याचं नाव होतं. पुढे छत्तीस.

आज भाग्यानं फुंकलं तेव्हा आकडा एक्केचाळीसवर गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मल्लिनाथनं तिला सावलीत बसवलं. खिशातला गुळाचा खडा काढून तिच्या तोंडापुढे धरला. तो आता रोज खडा खिशात ठेवायचा, फुंकून झाल्यावर गुपचूप द्यायला.

"खा. झालं आता फुंकून."

भाग्यानं मान हलवली.

"खा म्हणतो ना."

"नको मामा."

दुपारी तिनं निम्मी खिचडी शेजारच्या सतरावाल्या पोराच्या ताटात सरकवली. मल्लिनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला.

"भाग्या, जेव की गं. एवढं पातेलंभर हाय. कुणासाठी ठेवतीस?"

"पोट लई भरलं की उद्या आकडा येत न्हाई," ती म्हणाली. तिनं आवाज खाली आणला, कारण ही तिची युक्ती होती आणि दुसऱ्या पोरांना कळायला नको होती. "काल रात्री आई झोपल्यावर मी माझी भाकरी परत टोपलीत ठेवली. तिला ठाऊक न्हाई. म्हणून आज एक्केचाळीस आला."

मल्लिनाथच्या मुठीत गूळ चिकटला होता. कोपऱ्यात कोठी गप उभी होती. टेबलावर पिपाणीचा दिवा विझलेला होता.

भाग्या त्याच्या तोंडाकडे बघत होती, शाबासकी मिळेल म्हणून.

"मामा," तिनं विचारलं, "दुपारचं पण न्हाई खाल्लं, तर पन्नास येईल का?"