चिंगीच्या हाडाचा पांढरा लेप

घासूनपुसून लख्ख केलेली वस्तू वाया कशी जाते? स्वरदाला हे काही केल्या उमगेना.

झालं होतं असं. स्वरदाची लाडकी शेळी चिंगी कुंपणावरून उडी मारताना आपटली आणि तिच्या मागच्या पायाच्या हाडाचा चुरा झाला. स्वरदाची वैजूमावशी कृत्रिम हाडं बनवणारी शास्त्रज्ञ. तिने चिंगीसाठी टायटॅनियमचा (हलका, न गंजणारा धातू) तुकडा तयार केला. संध्याकाळी शस्त्रक्रिया होती. मावशी चहाला गेली आणि टेबलावरचा तो पिठूळ, कळकट तुकडा स्वरदाच्या डोळ्यांत खुपला. आपल्या चिंगीच्या पायात असलं काही बसवायचं? छे! तिने चिंच आणली आणि प्रयोगशाळेतल्या खटपट्या यंत्रमानवाला कामाला जुंपलं. घासायला सांगितलं की खटपट्या कशाला नाही म्हणतोय! बघता बघता तुकडा समईसारखा झळकू लागला.

मावशी परतली आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं बये, लेपच काढलास की!"

स्वरदाचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे चिंगी आता चालणार नाही?"

"चालेल गं. आधी हे बघ."

मावशीने तिला सूक्ष्मदर्शकातून दोन बशा दाखवल्या. पहिलीत गुळगुळीत धातू होता. त्यावर अस्थिपेशी (हाड बांधणाऱ्या पेशी) अंग चोरून बसल्या होत्या, परक्याच्या घरी बसावं तशा. दुसरीत लेप लावलेला धातू होता. तिथे मात्र त्या ऐसपैस पसरल्या होत्या.

"शाळेच्या भिंतीला गिलावा करण्याआधी गवंडी काय करत होते?" मावशीने विचारलं.

"छिन्नीने भिंत खरबरीत करत होते. नाहीतर सिमेंट धरत नाही."

"शाबास! पण खरबरीतपणाने निम्मंच काम होतं. हा लेप हायड्रॉक्सीॲपटाइटचा (हाडांत असतो त्याच जातीचा कॅल्शियमचा क्षार) आहे. पेशींना तो ओळखीचा वाटतो. त्या त्याला चिकटतात आणि त्यावर नवं हाड रचतात. म्हणून याला जैवक्रियाशील लेप (शरीराशी मैत्री करणारा लेप) म्हणायचं. नुसत्या धातूलाही हाड धरतं, पण सावकाश. तुझी चिंगी तोवर गप्प बसेल?"

"ती? अजिबात नाही!"

"आणि चिंच आंबट, म्हणजे आम्ल. आम्लात हा क्षार विरघळतो."

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली. रक्तात असतात तसे क्षार मिसळलेल्या कोमट द्रावणात मावशीने तुकडा बुडवला आणि लेप चढवणारं यंत्र सुरू केलं. त्यावर हळूहळू पांढरी साय धरू लागली. स्वरदा काचेला नाक लावून बघत राहिली.

"आता घासू?" खटपट्याने विचारलं.

"खबरदार!" दोघी एकदमच ओरडल्या.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी मावशीने चिंगीच्या पायाचं क्ष-किरण चित्र दाखवलं. नव्या हाडाने धातूला चहूबाजूंनी घट्ट धरलं होतं.

"मग तो तुकडा काढायचा कधी?"

"काढायचा कशाला? तो आता चिंगीचाच झाला. पुढे आम्ही अशा लेपात औषधही भरू, म्हणजे जखम चिघळणार नाही. मग कितीतरी माणसं लवकर चालू लागतील."

स्वरदाने चिंगीला उचलून अंगणात आणलं आणि भीतभीतच खाली उतरवलं. चिंगीने मागचा पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला आणि त्यावर सगळा भार दिला. स्वरदाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसेपर्यंत चिंगीने दोरीला असा हिसका दिला, की स्वरदा तिच्यामागे अंगणभर फरपटत, खिदळत पळत सुटली.