सवतीचा वाटा

उमापुरात सटवा नावाचा एक माणूस राहत होता. मेंढरं राखायचा. त्याला बायका दोन, एक मेलेली आन् एक जिती. मेलेली साखराबाई, जिती ताराबाई. जिती ती मी. मेलेली कुठं राहत होती म्हणाल, तर माझ्या गळ्यात.

आमच्यात पहिली बायको गेल्यावर दुसरी आणली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं तोंड ठोकलेलं. मी पंधरा वर्षांची होते, अंगाची हळद निघाली नव्हती. सासूनं तो काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातला आन् म्हणली, "तारा, नवं जे काय अंगाला लावशील ते आधी तिला. लुगडं असू दे, कुंकू असू दे, तेल असू दे. तिचा वाटा देऊन मग तुझा." अठ्ठावन्न वर्षं मी ते पाळलं. बांगडी भरली तरी आधी टाकाला टेकवायची, मग हातात.

साखरा एकोणीस वर्षांची गेली. मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरली होती. अवकाळी पावसात भिजली, ओलीच घोंगडी पांघरून पडली आन् तापात संपली. टाकावर तिचं तोंड सायीसारखं, एक रेघ न्हाई. माझ्या तोंडावर दर साली रेघा चढत गेल्या, ती मात्र माझ्या उराशी एकोणिसाचीच राहिली.

दोन वर्षांपासून माझ्या म्हाताऱ्याची, सटवाची, आठवण जायला लागली. आधी मेंढरं मोजताना चुकायचा. मग नातवाचं, जीवनचं नाव गेलं. मी मनाला म्हणायची, जाऊ दे, मला तर वळखतो. औंदा चैत्रात त्याला भाकर वाढली, तर त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले.

"म्हातारे, तू कोणाची गं? माझी बायको कुठं गेली? तरणी हाय ती."

"मीच की ती."

"न्हाई," म्हणला. "तू लई जुनी हाईस."

त्या दिवशी तव्यावरच्या सगळ्या भाकरी करपल्या.

नातसून उज्ज्वला पुढच्या खोलीत पार्लर चालवती. दुसऱ्या दिवशी मी तिथं चहा द्यायला गेले, तर चार बाया भिंतीला पाठ लावून गाल फुगवून बसलेल्या. उज्ज्वला पुढं उभी राहून आकडे मोजत होती.

"अगं, ह्यांच्या दाढा सुजल्या का काय?"

"आजी, तोंडाचा व्यायाम हाय हा. कातडी ताठ राहती. माणूस तरणं दिसतं."

"किती तरणं?"

"धरा की धा वर्षं."

मी चहाचं ताट खाली ठेवलं. "मला शिकीव."

बाया फसकन हसल्या. त्यातली शेजारच्या आसारामाची बायको म्हणली, "ताराबाई, आता कोणाला दाखवायचंय?"

"माझ्या नवऱ्याला. तुझा बघतो का तुझ्याकडं?"

उज्ज्वलानं मला भिंतीशी जागा करून दिली.

गाल फुगवायचे, हवा ह्या गालातून त्या गालात न्यायची. ओठांचा चंबू करून 'ऊ', मग कानापर्यंत ताणून 'ई'. कपाळ बोटांनी दाबून भुवया वर. सुरू करायच्या आधी बदामाचं तेल चोळायचं. उज्ज्वलानं नवी बाटली दिली.

चूक इथं झाली. विसरले म्हणले असते, पण विसरले न्हाई. झाकण उघडलं आन् सासूचं बोलणं आठवलं. मनात आलं, तू तर कायमची तरणी, तुला कशाला गं तेल? एकदा तरी माझं तोंड आधी. मी तेल माझ्याच गालाला लावलं.

रोज दुपारी जेवणं झाली, पार्लर रिकामं झालं, की मी त्या मोठ्या आरशापुढं बसायची. आठ दिवस नुसता जबडा दुखला. नवव्या दिवशी कपाळाची आडवी रेघ पुसल्यासारखी झाली. पंधराव्या दिवशी उज्ज्वलानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं.

"आजी, इतक्या लवकर कोणाचंच होत न्हाई."

ती हसत नव्हती.

त्याच दुपारी वास आला. ओल्या लोकरीचा. वैशाखाचं ऊन, मेंढरं घेऊन जीवन गोदाकडं गेलेला, घरातल्या घोंगड्या पेटीत वाळक्या. तरी वास असा, की घोंगडी कुणी आत्ताच पिळून खांद्यावर टाकली असावी. मी दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर कुत्रं बी नव्हतं. परत आरशाकडं वळले, गाल फुगवायचा म्हणून श्वास घेतला...

माझ्या आधी आरशातला गाल फुगला.

मी उठून बाहेर आले. म्हातारा लिंबाखाली बाजेवर बसला होता. त्यानं वर बघितलं आन् त्याचं तोंड असं फुललं, की माझी भीती गेली. कितीक दिवसांनी तो कोणाकडं बघून हसत होता.

"वळखलं का मला?"

"न वळखायला काय झालं?" त्यानं माझा पदर धरला. "साखरे... कवा आलीस? भिजलीस का गं लई?"

मी पदर सोडवून आत पळाले. आरशात निरखून बघितलं. कातडी सायीसारखी. पण गालाला खळी, मला ती कधीच नव्हती. माझ्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेले तीन ठिपके हायत. ते आरशात नव्हते. बोट थुंकीनं ओलं करून चोळून बघितलं. कोरी हनुवटी. गळ्यातला टाक तव्यासारखा तापला होता.

वाटा दिला न्हाई म्हणून ती तिच्या हातानं घेत होती.

दुसरी असती तर देवऋष्याकडं पळाली असती. मी दाराची कडी लावली, अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा टाक गळ्यातून काढला, आरशापुढं बाटलीला टेकवून ठेवला.

"साखरे, तेल दिलं न्हाई ही माझी चूक. कबूल. पण तोंड माझं हाय. कपाळावरची रेघ माझं पहिलं पोरगं गेलं तवाची. डोळ्यांकडच्या ह्या बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडताना पडल्या. ओठाकडच्या म्हाताऱ्याशी भांडून पडल्या. तुला नवरा एक वरीस होता. मला अठ्ठावन्न. ह्यातली एक बी रेघ मी तुला पुसू देणार न्हाई."

माझे ओठ मिटलेले होते. आरशातले हलले.

"मला... म्हातारं व्हायचं होतं..."

एकोणीस वर्षांचीच ती, माझ्या नातीच्या वयाची. पण पाय मागं घेतला न्हाई.

"मग तरणपण कावून चोरतीस? म्हातारपणातला वाटा घे. तो माझ्याकडं लई हाय."

तेलात बोट बुडवलं. आधी टाकाला लावलं, मग मला. टाक गळ्यात बांधला आन् बाहेर येऊन भर उन्हात दगडावर बसले. व्यायाम उलटा सुरू केला. सूर्याकडं तोंड करून डोळे बारीक केले. कपाळाला आठ्या घातल्या. ओठ आवळले. एकेका रेघेचं दुःख आठवून रडले, एकेकीचं सुख आठवून हसले. आसारामाची बायको कुंपणावरून बघून म्हणली, "ताराबाईला ऊन लागलं."

"लागू दे," मी म्हणले.

दिवस कलला तवा उठले. भाकर टाकली, ताट घेऊन म्हाताऱ्यापुढं बसले. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी श्वास धरला.

"तारे," म्हणला, "कावून उन्हात बसलीस? तोंड बघ, सुकल्या वांग्यावानी झालंय."

मी ताट त्याच्याकडं सरकवलं.

"आन् भाकर कच्ची हाय."

"खा गुमान," मी म्हणले, आन् पदर तोंडात धरला.

तेव्हापासून आमच्या घराचे दिवस फिरले. जीवन परत आला तर म्हाताऱ्यानं त्याला नावानं हाक मारली, मेंढरं मोजली आन् एक कमी हाय म्हणून सांगितलं. खरंच कमी होतं, ओढ्यात अडकलेलं सापडलं. लोक म्हणतात दवा लागू पडली. म्हणू दे.

मी रोज टाक धुते, तेल आधी त्याला लावते. आठ दिवसांमागं धुताना बोटाला खरखर लागली. उजेडात धरला. कपाळावर आडवी रेघ. मग डोळ्यांकडं दोन. मग ओठाशी. गेवराईच्या सोनाराला दाखवला, तर त्यानं भिंग लावून बघितला आन् घाईनं माझ्या हातात ठेवला.

आज सकाळी टाकाच्या हनुवटीवर माझ्यासारखेच तीन ठिपके उमटलेत.

टाक मी गळ्यातच ठेवलाय, काढणार न्हाई. म्हातारा लिंबाखालून "तारे" म्हणून हाक मारतो. हातात कसलंबी काम असू दे, मी 'ओ' द्यायला उशीर करत न्हाई. माझ्या आधी गळ्यातून 'ओ' यायला नको.