साहेबाचं पीप

“उलटे आटे! मेल्या, उलटे आटे हायेत तुझे, आनि मी सकाळपास्नं सुलटा पिळतोय तुला... सांगायचं तरी!”

केसर ओली चादर पडवीतल्या दोरीवर टाकता टाकता थांबली. आवाज चादरीच्या अगदी पलीकडून, हातभर अंतरावरून येत होता. कुणीतरी कुणाला तरी बोलत होतं, आणि ज्याला बोलत होतं ते बिचारं चकार शब्द काढत नव्हतं. बायको असणार, तिला वाटलं. एवढं ऐकून घेणारं दुसरं कोण असतं?

तिने चादरीची कड हळूच वर केली. बायको नव्हती. विहिरीचा हातपंप होता, सुटा करून गोणपाटावर मांडलेला; आणि त्याच्यापुढे एक तरणा माणूस पालथा पडून त्याच्या पोटात बघत होता. नाकाच्या शेंड्याला काळं ग्रीस.

“त्याला वाचा असती तर सांगितलं असतं त्यानं,” केसर म्हणाली.

त्याने मान वर केली. कौलांवर सर वाजत होती आणि चादरीतून ठिबकणारं पाणी नेमकं त्याच्या कपाळावर पडत होतं. ते पुसायचं सोडून तो बघतच राहिला.

“वाचा हाय त्याला,” तो म्हणाला. “फक्त... हळू बोलतो.”

“मग तुम्ही कशाला ओरडता?”

आणि चादर खाली पडली. म्हणजे, केसरने सोडली.

एकोणीसशे अठ्ठावन्नचा आषाढ होता तो. रेवदंड्याला एका साहेबाच्या जुन्या बंगल्यात बाळंतपणाचा दवाखाना निघाला होता आणि तिथल्या चादरी धुवायचं काम केसरकडे होतं. कोळ्याच्या सुनेनं लोकांच्या चादरी धुवाव्या, यावर कोळीवाड्यात नाकं मुरडून झाली होती. पण घरात होडी नाही, होडीवर जाणारा नाही. मग सुनेनं काय लाटा मोजत बसावं? पंपाशी भांडणारा सदा हा थळचा. होड्यांना नुकतीच कुठे इंजिनं बसू लागली होती, आणि इंजिनाचं दुखणं ओळखणारा तो एकटा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून तो असली किरकोळ कामं घेत फिरायचा.

कोळ्याचाच मुलगा तो. चादर वर झाली तेवढ्या वेळात त्याने तिचे हात पाहून घेतले होते. डाव्या हातात हिरवा चुडा, उजव्यात नुसती चांदीची बांगडी. आमच्या कोळ्यांत लग्नाची बाई उजव्या हातात काच घालत नाही. त्या हाताचा चुडा लग्नात दर्याला दिलेला असतो, माझ्या माणसाला सांभाळ म्हणून.

केसरचा चुडा दर्याने घेतला होता. आणि माणूसही ठेवून घेतला होता. तीन वर्षांपूर्वी रघूची होडी गेली ती गेलीच. फळी लागली नाही किनाऱ्याला, वल्हं लागलं नाही. कोळ्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न करायला कुणाची ना नसते. पण आधी कुणीतरी म्हणावं लागतं ना, की ती विधवा आहे! ते म्हणायचं रघूच्या आईनं. आणि रघूची आई गोदूबाई म्हणायची, “रघू अजून आला न्हाय.” मग सगळा कोळीवाडा तेच म्हणायचा. केसरसुद्धा. सासूचा जीव त्या एका ‘अजून’वर टांगलेला आहे हे तिला दिसत होतं, तो दोर आपल्या हाताने कसा कापायचा? एकवीस वर्षांची बाई, ना लग्नाची ना रांडाव, अशी तीन वर्षं उंबऱ्यावर उभी होती.

पाऊस चार दिवस हटला नाही. चादरी वाळेनात. केसरने दोरीचं टोक पडवीच्या पार मागच्या कोपऱ्यात, पोत्यांखालच्या कसल्याशा खुंटाला बांधलं. चादर टाकली, दोरी ताणली, आणि खुंट पोत्यांसकट कलंडला.

“मेले!” केसर ओरडली.

“मेल्या न्हाय, बोलताय की,” सदा धावत येऊन म्हणाला. मग तो खाली बसला आणि त्याचा आवाजच बदलला. “आवो... हे बघा काय सापडलं तुम्हाला!”

लाकडाचं एक पीप होतं, चार पायांवर उभं. वर झाकण, झाकणावर दातेरी चाकं, बाजूला फिरवायचा दांडा. झाकणाच्या आतल्या बाजूला लाकडी पंजा, आणि पिपाच्या काठावर एकावर एक अशी दोन लाटणी, रबर कुजून लोंबत असलेली.

“पोळ्या करायचं असेल,” केसर म्हणाली.

“कपडे धुवायचं मशीन हाय! आलिबागेत एका बंगल्यात बघितलंय मी. दांडा फिरवला का पंजा कपडे घुसळतो. मग ह्या लाटण्यांतून चादर काढायची, पानी सगळं पिळून निघतं.”

“पिळून? म्हणजे पावसातही वाळेल?”

“अर्ध्या दिवसात.”

दवाखान्याच्या नर्स नीराबाई पेणच्या होत्या, घाईच्या होत्या आणि मनाच्या मोकळ्या होत्या. “साहेबाच्या वेळचं आहे ते. चाळीस वर्षं तरी झाली असतील. उद्या फोडून पाणी तापवायला घेणार होते मी.”

“फोडू नका!” दोघं एकदम म्हणाली.

नीराबाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “बरं. मग न्या. पण चादरी आधी माझ्या.”

बांबूला टांगून पीप केसरच्या अंगणात आलं तेव्हा गोदूबाई ओटीवर जाळं सांधत होती. तिने पिपात डोकावून पाहिलं.

“ह्यात काय चिंबोऱ्या पाळायच्या?”

“कपडे धुतं ते, आये.”

“आनि हा कोन?”

“हा... ते दुरुस्त करतो.”

“हूं,” गोदूबाई म्हणाली. तिच्या ‘हूं’ला तळ नसायचा.

पाणी ओतलं तर पीप चाळणीसारखं गळलं. केसरचं तोंड उतरलं. सदा मात्र हसला. “होडी उन्हाळाभर कोरडी राहिली का गळते का न्हाय? तसंच हाय हे. रोज पानी भरा. लाकूड फुगलं का सांधे आपोआप मिटतील.”

“किती दिवस?”

“आठ.” मग जरा थांबून, “दहाही लागतील. रोज येऊन बघावं लागंल मला.”

“लाकूड फुगताना बघावं लागतं?”

“लय बारीक नजर लागते त्याला.”

तो रोज आला. दातेरी चाकं खरवडून चकचकीत केली. सागाची नवी लाटणी कातून आणली, एसटीच्या चाकाची जुनी ट्यूब त्यांच्यावर ओढून बसवली. केसर विहिरीवरून पाणी आणायची. तो हंडा उतरवायला हात लावायचा, आणि गोदूबाई ओटीवरून खाकरायची.

“तिला वयनी म्हन की रे,” एकदा ती म्हणाली. “आवो काय, आवो?”

सदाचा हात चाकावर थांबला. “वयनी म्हनायला... त्यांचा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, मावशी.”

“येल तवा होईल ओळख.”

केसरने पाण्याचा हंडा इतक्या जोरात ओतला की सदा गुडघ्यापर्यंत भिजला.

अकराव्या दिवशी पीप गळायचं थांबलं. पहिली चादर आत गेली. सदाने दांडा फिरवला, पंजा डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि पिपातून असा गुबगुब आवाज आला की गोदूबाईसुद्धा जाळं टाकून उठली. मग केसरने चादरीचं टोक लाटण्यांत दिलं.

“बोटं सांभाळा,” सदा म्हणाला.

“कुणाची?”

“तुमची. माझी गेली तरी चालतील.”

चादर पलीकडून निघाली, सुरळीसारखी. त्याच्या हातात एक टोक, तिच्या हातात दुसरं. घडी घालताना दोघं चालत चालत जवळ आली, टोकाला टोक लागलं... आणि बोटाला बोट. घडी झाली होती. तरी ती कुणी सोडली नाही.

“वाळत घाला आता,” ओटीवरून आवाज आला. “हातात न्हाय वाळत ती.”

तिसऱ्या दिवशी नीराबाई चादरींचं गाठोडं घेऊन स्वतः अंगणात हजर. “केसर, हे काय गं? बाळंतिणी म्हणतात, मासळीबाजारात निजवलंय आम्हाला. एक तर रात्रभर ओकत होती!”

केसरने चादर नाकाला लावली. सदाने लावली. गोदूबाईने चांगला खोल श्वास घेतला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“कसला वास?” गोदूबाईने विचारलं.

“कसला? अहो...” नीराबाईंनी कपाळाला हात लावला. “मिस्त्री, त्या चाकांना तेल कसलं घातलंत?”

“मुशी माशाचं,” सदा अभिमानाने म्हणाला. “होडीच्या फळ्यांना लावतो ना, तेच. मुशीच्या काळजाच्या तेलासारखं तेल न्हाय, बाई. गंज म्हनून...”

आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. झाकणातून तेल थेंब थेंब पिपात उतरत होतं. अख्ख्या रेवदंड्यातल्या बाळंतिणींना तो तीन दिवस मुशीच्या तेलात धूत होता, आणि वास यायला कोळीवाड्यात एकालाही नाक नव्हतं! त्याचा चेहरा असा झाला की केसरला हसू फुटलं. आधी पदराआड, मग पदराबाहेर, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पीप धरून ती खालीच बसली.

गोदूबाई मात्र हसली नाही. ती सुनेकडे बघत होती. पार विसरलेली एखादी वस्तू माळ्यावरून खाली पडावी, तशी. तीन वर्षांत हे हसू या अंगणात कुणी ऐकलं नव्हतं.

दोन दिवस कढत पाणी आणि सोडा चालला. चाकं सुटी झाली, राखेने घासली, खोबरेल लावून पुन्हा बसली. दर धुण्यानंतर सदा एक फडकं घेऊन नीराबाईंकडे पळायचा. “बाई, जरा वास घ्या. आमच्या नाकांचा भरवसा न्हाय.” सहाव्या खेपेला त्या म्हणाल्या, “साबणाचा येतोय. आता जा, आणि पुन्हा येऊ नका.”

म्हणजे पीप पूर्ण झालं. म्हणजे येण्याला कारण उरलं नाही.

नारळी पुनव झाली, दर्याला नारळ गेला, होड्या पाण्यात उतरल्या. चार दिवसांनी दुपारी सदा अंगणात आला, तो खांद्याला पिशवी लावून. गोदूबाई दांडा फिरवत होती. आताशा ते काम तिने कुणाला देणं बंद केलं होतं. कंबर दुखते म्हणायची आणि फिरवत राहायची. केसर दोरीपाशी होती.

“श्रीवर्धनला चाललो,” तो म्हणाला. “सात होड्यांना इंजिनं बसवायचीत. चार-सहा महिने जातील.”

“बरं,” केसर म्हणाली, आणि सरळ टाकलेली चादर उगीच पुन्हा सरळ केली.

“परत येऊ का मी?”

“पीप बिघडलं तर निरोप देऊ.”

“पिपाचं इचारत न्हाय मी, केसर.”

पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने. तिला किती बोलायचं होतं! की तुम्ही येता म्हणून मी विहिरीवर लवकर जाते. की आठाचे अकरा दिवस झाले ते मला कळत होतं. की मुशीच्या तेलाचा वास मला अजूनही येत नाही, पण तुम्ही फाटकापाशी आलात की न बघता कळतं... पण मागे दांडा फिरत होता, गुबगुब, गुबगुब. आणि तो फिरवणारी म्हातारी या ‘अजून’वर जगत होती.

“मिस्तरी,” ती खाली बघत म्हणाली, “माझा माणूस अजून आला न्हाय.”

सदाने मान हलवली. रागावला नाही, काही नाही. पिशवी सारखी केली आणि फाटकाकडे वळला.

दांडा थांबला.

“थांब रे,” गोदूबाई म्हणाली.

ती उठली नाही. पिपाच्या काठावर हात ठेवून तशीच बसून राहिली. “केसर, तुला खरंच वाटतं, तो येल?”

केसरने दोरीवरची चादर मुठीत धरली.

“मला वाटायचं, तुला वाटतं,” म्हातारी म्हणाली.

“आये... मला वाटायचं, तुला.”

तीन वर्षं एका ताटात जेवलेल्या बाया, आणि एकमेकींना काय सांभाळत बसल्या होत्या!

“‘अजून आला न्हाय’ म्हनून खोटं बोलतेस तू,” गोदूबाई म्हणाली. “आनि माझ्यासाठी बोलतेस. मी बोलत व्हते तेबी माझ्यासाठीच. होडी आली न्हाय त्याच सकाळी कळलं व्हतं मला. आईला कळतं. पन तोंडानं बोलले का तू जाशील, मग ह्या घरात मी नि भिंती. म्हनून न्हाय बोलले. तुझी तीन वर्सं खाल्ली मी, पोरी.”

“आये, असं नको बोलू...”

“बोलू दे. सगळा कोळीवाडा माझ्या तोंडाकडे बघत ऱ्हायला. तूबी. हा थळचा येडाबी, अकरा दिवस लाकूड फुगवत.” तिने पदराने तोंड पुसलं, मान ताठ केली आणि सुनेच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“रघू मेला, केसर. आता ह्यानं इचारलंय, त्याला खरं उत्तर दे.”