चार नंबरच्या गाडीचा शेवटचा आकडा

आधी कॉफी ओता. आणि त्या स्टोव्हचं दार नीट लावा, धूर डोळ्यात जातोय.

दर हिवाळ्यात या बंबखान्यात नवी पोरं येतात, आणि दर हिवाळ्यात कुणीतरी त्यांच्या कानात फुंकतं, विल्हो म्हाताऱ्याला ती गोष्ट विचारा. मी काय जत्रेतला खेळ आहे? एकोणऐंशी वर्षांचा झालो. आठवीत शाळा सोडली, त्यानंतर जन्मभर खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढल्या. ही गोष्ट सांगितली की मला एक माणूस आठवतो, आणि मग रात्रभर छातीत जळजळतं. पण तुम्ही काही ऐकणार नाही. एकदाच सांगतो. मधे तोंड उघडायचं नाही.

आर्लीन कांगस. तुमच्यातल्या निम्म्यांना तिने शाळेत जेवण वाढलंय. सत्तावीस वर्षं डोक्याला जाळी बांधून उभी राहिली. निवृत्त झाली, त्याच वर्षी नवरा गेला. संध्याकाळ खायला उठायची. तेव्हा शेरीफच्या कचेरीने गावकऱ्यांसाठी वर्ग काढला होता, पोलीस कसं काम करतात ते दाखवायला. आठ आठवडे वर्ग, आणि शेवटी पोलिसाच्या शेजारी बसून एक पाळी फिरायचं. बाईने नाव घातलं. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणाली.

२०२३ सालची नऊ फेब्रुवारी, गुरुवार. पाळी दुपारी तीनची. गाडी चार नंबर. पोलीस म्हणजे कर्ट दुफ्रेन, तोही तिच्याच हातचं खाऊन वाढलेला.

"मिसेस कांगस, पट्टा लावा."

"लावलाय रे. तुला बुटाची नाडी मी बांधायला शिकवली, आता तू मला पट्टा शिकव."

"गाडीतून उतरायचं नाही. वायरलेसला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. सही केलीय तुम्ही."

"सही केली तेव्हा चष्मा घरी होता माझा."

"मागे तो डबा कसला?"

"पॅस्टी. सहा. सलगम घातलंय, गाजर नाही. तोंड वाकडं करू नकोस."

डबा पुठ्ठ्याचा होता, मांस-बटाटा भरलेल्या त्या मोठ्या करंज्यांनी गरम झाला होता, आणि खालून तूप सुटलं होतं. बाईच्या अंगावर नवा कोट, फिकट तपकिरी, लेकीने पाठवलेला. म्हणून डबा तिने मागच्या उजव्या सीटवर ठेवला. मांडीवर घेतला नाही. एवढं लक्षात ठेवा.

काम साधं होतं. टॅमरॅक रस्त्याच्या टोकाला एका माणसाला कोर्टाचा कागद द्यायचा. पाचलाच अंधार पडला होता. सरोवरावरून वारा सुटला आणि बर्फ आडवा उडायला लागला. साडेसहाच्या सुमाराला एक गाडी खड्ड्यात दिसली, आत कुणी नाही. थोडं पुढे रस्त्याच्या कडेने एक बाई चालली होती. पातळ कोट, खाली वृद्धाश्रमाचा निळा गणवेश. जॅनेल रास्क. तिथे म्हाताऱ्यांचं करायची ती. घर सहा मैल पुढे, घरी एकटी आई.

कर्टने गाडी थांबवली. जॅनेल आर्लीनच्या खिडकीशी आली. भुवयांवर बर्फ.

"फोन बंद पडला हो," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल. घरापर्यंत सोडाल?"

"बसा मागे," कर्ट म्हणाला, आणि वायरलेस उचलला.

आता यांची एक रीत आहे. बाई गाडीत घेतली की निघताना मैलांचा आकडा कंट्रोल रूमला सांगायचा, पोचल्यावर पुन्हा सांगायचा. मधे पोलिसाने गाडी भलतीकडे वळवली नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कळतं. रीत चांगली आहे. फक्त आधी बाईला बसवायचं, दार लावायचं आणि मग आकडा सांगायचा. थंडीत सगळेच उलटं करतात. उतरायला कुणाला हवंय?

"कंट्रोल, चार नंबर. एक महिला सोबत, टॅमरॅक रस्त्याने तिच्या घरी. आकडा अठ्ठेचाळीस हजार तीनशे सतरा."

"चार नंबर, सहा एकेचाळीस," कंट्रोलवरची मार्सी म्हणाली.

कर्टची नजर आकड्यावर होती. जॅनेलने मागच्या उजव्या दाराला हात घातला. तेवढ्यात आर्लीनने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाली,

"इथे डबा आहे गं. पलीकडून बस."

जॅनेल गाडीच्या मागून वळसा घालून पलीकडे गेली. वाहत्या रस्त्याच्या बाजूला.

मागून लाकडं भरलेला ट्रक येत होता. पोलिसांच्या गाडीचे दिवे बर्फाने लिंपलेले. ट्रकवाल्याला काही दिसलं नाही...

आवाज फार मोठा नव्हता, असं आर्लीन सांगते. गाडी एकदा हलली. डावीकडचं मागचं दार नव्हतं. वारा आत आला. एवढंच.

कर्ट धावला. गुडघ्यांवर बसला. खांद्यावरच्या वायरलेसवर ओरडत होता आणि दोन्ही हातांनी काहीतरी दाबून धरत होता. ट्रकवाला रस्त्याच्या मधोमध उभा राहून आईला हाक मारत होता. पन्नाशीचा माणूस.

आणि आर्लीन गाडीतून उतरली. उतरायचं नाही असं लिहून दिलं होतं, तरी उतरली. मदतीला गेली असं वाटेल तुम्हाला. नाही. तिने मागचं उजवं दार उघडलं, डबा काढला, परत जागेवर येऊन बसली आणि डबा मांडीवर घेतला. का, ते तिला आजही सांगता येत नाही. हातांनी आपलं आपण केलं म्हणते. लोक आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. तूप कोटातून थेट कातडीपर्यंत गेलं होतं.

जॅनेल तिथेच गेली. चौतीस वर्षांची.

गाडी ओढायला मला बोलावलं. डाव्या अंगाची पार वाट लागली होती, मागचं चाक आडवं झालेलं. उजव्या सीटवर मला चौकोनी डाग दिसला. तुपाचा, अजून ओला. कुणी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते माझ्या माथ्यावर आहेच, नाही म्हणत नाही.

पुढे चौकशी झाली. उजवी सीट मोकळी होती, तर बाईला वाहत्या रस्त्याच्या बाजूने का बसवलंस? कर्ट म्हणाला, सीटवर डबा होता. मग आर्लीनला विचारलं.

"डबा कुठे होता, मिसेस कांगस?"

"मांडीवर."

एकच शब्द. कर्टने तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे काही बोललाच नाही. शाळेत जेवण वाढणारी बाई खोटं कशाला बोलेल? कर्टचा बिल्ला गेला. उन्हाळाभर घरी बसला, मग काउंटीची बर्फ ढकलणारी गाडी चालवायला लागला.

इथवर भुताचं काही नाही. माणसांचंच आहे.

आता तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे घरोघरी फ्रिजवर तो रेडिओ असतो, पोलिसांचं बोलणं ऐकायचा. आर्लीनकडेही होता. नवऱ्याच्या वेळचा, चोवीस तास चालू. अपघातानंतरच्या पहिल्याच गुरुवारी बाई भांडी घासत होती. रेडिओ खरखरला. मार्सीचा आवाज.

"चार नंबर, शेवटचा आकडा?"

कुणी उत्तर दिलं नाही. घड्याळात सहा एकेचाळीस.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. मग रोज. उन्हाळ्यात लख्ख उजेड असायचा त्या वेळेला, तरीही. बाईने रेडिओची वायर काढली. आत सेल आहेत, हे विसरली. सेल काढले...

त्या दिवशीही आवाज आला.

शेवटी तिने मार्सीला दुकानात गाठलं. "अगं, तू रोज चार नंबरला कशाला बोलावतेस?"

"मी?" मार्सी म्हणाली. "आर्लीन, चार नंबर विल्होच्या आवारात पडलीय. वर्ष होईल आता. तिला कोण बोलावणार?"

"मग ती नोंद? त्या रात्रीची?"

मार्सीने टोपलीतला पाव उगाच इकडचा तिकडे केला. "उघडीच आहे ती. निघतानाचा आकडा आहे, पोचल्याचा नाही. मी कशी बंद करू? ती पोचलीच नाही ना."

वर्ष भरलं. नऊ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी सहाला आर्लीन काउंटीच्या गॅरेजबाहेर गाडी घेऊन उभी. तोच कोट, पोटावर डाग. कर्ट बाहेर आला तशी तिने काच खाली केली.

"बस. तू चालव. मला रात्रीचं दिसत नाही."

"मिसेस कांगस, माझी पाळी सुरू होतेय."

"बस म्हटलं ना."

तो बसला. लहानपणापासूनची सवय. गाडी रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "डबा सीटवर होता."

"मला माहीत आहे."

"मी तिला म्हटलं, पलीकडून बस."

कर्टने गाडी कडेला घेतली. 

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"कोट खराब होईल म्हणून..."

"वर्षभर मी रोज रात्री मोजतोय. खाली उतरलो असतो तर दहा सेकंदांचा फरक. दार मी उघडलं असतं तर पाच. आणि तुम्ही..." त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. चिडायलाही ताकद लागते. त्याच्यात ती उरली नव्हती. "आता काय करायचं म्हणता?"

"तिला घरी सोडायचं."

त्या जागी पोचले तेव्हा सहा चाळीस. वारा तसाच. आर्लीन उतरली. मागचं उजवं दार उघडलं. सीट तिने आधीच पुसून ठेवली होती.

"या बाजूने बस, बाई. जागा आहे."

वारा.

ती उभी राहिली. हात गोठले. कर्टने मागे वळून पाहिलं नाही. वायरलेस गाडीत नव्हताच, तरी तो सवयीने, हळूच पुटपुटला, "कंट्रोल, चार नंबर. एक महिला सोबत..."

आर्लीनने दार लावलं. पुढे येऊन बसली.

आणि मागे पट्टा लागला. टक्.

कुणी आरशात पाहिलं नाही.  गाडी निघाली. हीटर चालू होता. तरी मानेला गार लागत होतं... एक मैल... दोन... ओल्या लोकरीचा वास... चार... आर्लीनने पुढे बघत एवढंच विचारलं, "बरी आहेस ना गं?"



सहा मैल. रास्कचं घर. ओसरीचा दिवा लागलेला. लेक गेल्यापासून म्हातारीने तो बंदच केला नव्हता, दिवसासुद्धा नाही, हे गावाला माहीत होतं.

गाडी थांबली.

टक्.

आर्लीन उतरली, दार उघडलं. सीट रिकामी. पट्टा जागच्या जागी. ती दार धरून उभी राहिली, माणूस उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

खिडकीत म्हातारी उभी होती. बराच वेळ अंगणाकडे बघत होती. मग तिने ओसरीचा दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी आर्लीनने शेरीफच्या कचेरीत जाऊन खरं ते लिहून दिलं. तिथून सरळ माझ्याकडे आली. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "विल्हो, तू तो डाग पाहिला होतास ना?" मी हो म्हटलं. मग हे सगळं सांगितलं तिने, माझ्या स्वयंपाकघरात बसून, कोट न काढता. कर्टला बिल्ला परत देऊ केला त्यांनी. त्याने घेतला नाही. बर्फ ढकलतो अजून. आर्लीनचा रेडिओ त्या संध्याकाळपासून गप्प आहे.

म्हणाल, दोन दमलेल्या माणसांचा भास. मीही तेच म्हटलं असतं.

पण सोमवारी, बारा तारखेला, शेरीफच्या हाताखालचा साहेब, लायल प्रायर, चार नंबर पुराव्यातून सोडवायचा कागद घेऊन माझ्या आवारात आला. गाडी खिडक्यांपर्यंत बर्फात. भोवती सशाचासुद्धा माग नाही. चाक वर्षभर आडवंच. बॅटरी मी पहिल्याच दिवशी काढून शेडमध्ये ठेवलेली. गाडी आणली त्या रात्री काचेवर मेणाच्या खडूने आकडा लिहिला होता मी, ४८३१७. त्याच्या कागदावर तोच आकडा, खाली त्याचीच सही.

आम्ही बर्फ उपसला. बॅटरी आणून जोडली. किल्ली फिरवली. आकडे उजळले.

४८३२३.

सहा मैल.

त्याने कागद पाहिला, काच पाहिली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हाताऱ्या, पुरावा म्हणून ठेवलेली गाडी फिरवलीस तू?"

तीन चाकांवर! बर्फाखालून! तसं त्याने रिपोर्टात लिहिलंही. मार्सी म्हणते, कंट्रोलमधली ती उघडी नोंदही बंद झालेली सापडली. त्यात हाच आकडा, आणि तो कुणी भरला ते कुणालाच माहीत नाही. तरीही माझ्या नावावरचा तो शेरा अजून तसाच आहे. जॅनेलच्या आईने मला पाव पाठवला. आर्लीनने माझ्यासमोर मान खाली घातली, कर्टसमोरही. फक्त एक माणूस अजून माफी मागायला आला नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही.

लायल प्रायर.