म्युरिएलचं छत

म्युरिएलची काचखोली घराच्या मागे बागेकडे काढलेली होती. तीन बाजूंना काच, वर प्लास्टिकचं पारदर्शक छत. इंग्लंडातल्या बक्स्टनच्या हिवाळ्यात तिथे ओतलेला चहा तोंडाशी नेईपर्यंत निवायचा. तरी फुप्फुसं थकलेली म्युरिएल कोट घालून तिथल्याच वेताच्या खुर्चीत बसायची. बाग दिसली नाही तर तिला करमत नसे.

"क्लिफ, छताचं काहीतरी बघ ना," ती नवऱ्याला म्हणायची.

"बघतो. पुढच्या वर्षी नक्की."

"माझं पुढचं वर्ष तू कुठे जपून ठेवलंयस?" असं म्हणून ती हसायची आणि हसता हसता खोकायची.

फेब्रुवारीत ती गेली.

ऑक्टोबरात क्लिफर्ड आउट्रमनं छत बदलून घेतलं. आता कशाला, असं कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं. प्लास्टिक उतरलं. त्या जागी लाकडी सांगाडा, थंडी अडवणाऱ्या जाड फळ्या, वरून कौलं आणि आतून पांढरं प्लास्टर आलं. "आता खुशाल बनियनवर बसा इथे," हात झटकत डेरेक मिस्त्री म्हणाला.

खोली खरंच उबदार झाली. इतकं सोपं होतं हे, असं वाटून क्लिफर्डला पहिल्या दिवशी तिथे बसवलंच नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी त्याला खुर्चीवर ऊन दिसलं. वरून पडलेलं, जुन्या छताच्या पट्ट्यांच्या सावल्यांसकट. त्यानं वर पाहिलं. प्लास्टर सलग होतं. सूर्य कलला तसे ते कवडसेही सरकत गेले. मग एका पावसाळी सकाळी प्लास्टिकवर थेंब वाजावेत तसा टपटप आवाज आला, फक्त खुर्चीच्या वर.

त्यानं डेरेकला बोलावलं. डेरेकनं छत ठोकून पाहिलं.

"फट नाहीये कुठे. काचेतून येत असेल ऊन."

क्लिफर्डनं सगळे पडदे ओढले. खुर्चीवरचं ऊन तसंच राहिलं. डेरेकनं त्यात हात धरला आणि लगेच मागे घेतला. तळवा पँटला पुसत राहिला.

"गारठलंय की हो इथे," तो हळूच म्हणाला. पुढ्यातला चहा त्यानं संपवला नाही.

क्लिफर्डनं खुर्चीवर लोकरी शाल टाकली, शेजारी हीटर लावला. खोली भट्टीसारखी तापली, पण शाल बर्फासारखीच लागायची. नवं छत खोलीला मिळालं होतं. म्युरिएलला मिळालं नव्हतं. ती अजून जुन्याखालीच होती.

डिसेंबरात म्युरिएलची बहीण हिल्डा नाताळचा फराळ घेऊन आली. आल्या आल्या तिनं अंगातला पुढून बटणांचा लोकरी कार्डिगन काढला.

"केवढं उकडतंय रे! आमची म्युरिएल असती तर किती खूश झाली असती."

क्लिफर्डनं तिच्या हातात चहाचा कप दिला.

"जरा खिडकी उघडते."

"नको! तिला आधीच—"

तो थांबला. हिल्डाही थांबली.

रिकाम्या खुर्चीपुढे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पांढरी वाफ निघाली. विरली. पुन्हा निघाली.

हिल्डानं कप खाली ठेवला. तिच्या कपाळावर घाम होता.

"किती दिवस?" तिनं कुजबुजत विचारलं.

"मी उशीर केला, हिल्डा."

ती उठली. तिनं आपला कार्डिगन खुर्चीच्या पाठीवर घातला आणि मागे सरली.

दोघं बघत राहिली.

लोंबणाऱ्या कार्डिगनच्या दोन्ही कडा सावकाश पुढे आल्या, एकमेकींवर आल्या, आणि घट्ट आवळल्या गेल्या.