बटणांचा पहारा

"अंडी कुणीतरी फिरवलीयत," टिटवीनं पेटीत डोकावून जाहीर केलं.

ढोल्याच्या तोंडात बिस्किट होतं. ते घाईघाईनं गिळून तो म्हणाला, "मी नाही."

"तुला कुणी विचारलंय?"

"विचारणारच होतात. या घरात काहीही झालं तरी आधी मलाच विचारतात."

"गप्प बसा दोघं," म्हणत ढोल्याची मोठी बहीण पुढं झाली. तिला सगळे हेडबाई म्हणायचे, कारण ती समोर दिसेल त्याला कामाला लावायची. टिटवी शेजारची. ती झोपेतही बोलते, असं तिची आईच सांगायची.

पेटी थर्मोकोलची होती. आत एक बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर आणि कापडावर मांडलेली अंडी. काकांच्या शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत वारा येत नसे, म्हणून ती तिथं ठेवली होती. कोंबडी बसल्या बसल्या चोचीनं अंडी फिरवते. ते काम इथं मुलं हातानं करायची. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता.

"सकाळी मी गोल वर ठेवले होते," हेडबाई म्हणाली. "आता सगळ्या फुल्या वर आहेत. झाकणही तिरकं, आणि पेटी थंड पडलीय. ढोल्या, दुपारची पाळी तुझी. रोज असंच असतं का?"

"मी खुणा बघत नाही. मी नुसती फिरवतो."

हेडबाईनं कपाळावर हात मारला. "म्हणजे कुणीतरी फिरवतं आणि तू परत फिरवतोस. अंडं होतं तिथंच राहतं. पिल्लू आत कवचाला चिकटलं, तर संपलंच."

ढोल्याचा चेहरा एवढासा झाला. कारण ही अंडी साधीसुधी नव्हती. आत्याची लाडकी ठिपकेवाली कोंबडी या अंड्यांवर बसली होती. काका फोनवर बोलत बोलत खुराड्यात डोकावले आणि कडी न लावताच निघून आले. मग कुत्र्यानं डाव साधला. अंडी तेवढी वाचली. आत्यानं ती ओंजळीतून आणून मुलांना दिली. "बघा जमतंय का," एवढंच म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

त्या दिवसापासून तिनं काकांशी बोलणं टाकलं होतं. काका समोर बसलेले असले तरी ती म्हणायची, "मुलांनो, तुमच्या काकांना सांगा, जेवण वाढलंय." ती चिडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. मुलांसमोर मात्र ते पेटीची टिंगल करायचे. "बल्बाखाली पिल्लं? फार तर मोजे वाळतील."

"मांजर असेल," ढोल्या म्हणाला.

"आणि मांजर प्रत्येक फुली बरोब्बर वर आणणार?" टिटवी म्हणाली. "हे माणसाचंच काम. सापळा लावू या."

सापळ्याला सामान दुकानातच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटणांचा भलामोठा डबा फळीच्या कडेवर ठेवला, त्याला दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक पेटीच्या झाकणाला. मग तिघं कापडाच्या ताग्यांमागं दडून बसली. टिटवीनं तोंडावर दोन्ही हात गच्च दाबून धरले होते.

शिलाई मशीनचा आवाज थांबला. दार करकरलं. झाकण उचलल्याचा आवाज झाला, आणि मग डबा कलंडून बटणांचा असा काही पाऊस पडला की विचारायची सोय नाही.

मुलं बाहेर आली. गळ्यात टेप आणि बटणांपासून वाचवायला उचललेलं एकेक अंडं दोन्ही हातांत घेऊन काका उभे होते.

"काका, हलू नका," हेडबाई म्हणाली. "पायाखाली बटणं आहेत. घसरलात तर अंडी गेली."

"माझा एक पाय हवेत आहे."

"मग तो तिथंच ठेवा."

तिघांनी गुडघ्यांवर बसून बटणं बाजूला सारली. टिटवीनं काकांच्या हातातली अंडी अलगद पेटीत ठेवली. मगच काकांना पाय टेकायची परवानगी मिळाली.

"मला वाटलं, तुम्ही पोरं विसरत असाल," काका खाली बघत म्हणाले. "तुमची चाहूल लागली की मी झाकण टाकून पळायचो. ही अंडी वाया जायला नको होती. निदान ही तरी."

झाकण तिरकं राहतं, अंडी दोनदा फिरतात, हे हेडबाईनं सांगितलं तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. मुलांना त्यांची दया आली.

हेडबाईनं खोलीत अंधार केला आणि एकेक अंडं टॉर्चच्या उजेडासमोर धरलं. काही अंड्यांत नुसताच गढूळपणा होता. ती अंडी तिनं बाजूला काढली. बाकीच्यांत बारीक लाल नसा दिसल्या, आणि एकात काहीतरी हललं.

"आहे. जिवंत आहे," काका पुटपुटले.

दुपारची पाळी त्याच दिवशी काकांकडे गेली. अंडी फिरवली की मोठ्यानं सांगायचं, असा हेडबाईचा नियम होता. माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं आतून येणारी "फुल्या वर" अशी आरोळी ऐकून चपापायची.

आणि एका दुपारी पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली.

सगळे धावले. आत्याही आली, पण दारातच उभी राहिली. एका कवचाला टवका गेला, मग दुसऱ्याला. एकेक ओलं, केविलवाणं पिल्लू धडपडत बाहेर आलं. शेवटच्या अंड्याला मात्र नुसती भेग पडली आणि आतली हालचाल थांबली. वाट बघून बघून काकांना राहवेना. त्यांनी छोटी कात्री उचलली.

कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. आत्या होती ती.

"थांब," ती म्हणाली. "घाई केलीस तर जाईल ते. त्याचं त्याला येऊ दे."

टिटवीनं ढोल्याला कोपरानं ढोसलं. आत्या काकांशी बोलली होती.

"बरं, अक्का," काका म्हणाले. त्यांनी कात्री खाली ठेवली.

दोघं शेजारी शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळानं कवच फुटलं आणि पिल्लू बाहेर पडलं. बल्बखाली ते सुकलं, तेव्हा त्याच्या पाठीवर ठिपके दिसले. आत्यानं ते उचलून गालाशी धरलं.

"पोरांनो, माझी ठिपकेवालीसुद्धा इतकी राखण करू शकली नसती, जेवढी तुम्ही केलीत," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "आणि तू रे? बघत काय बसलास? खुराड्याची कडी आत्ताच्या आत्ता नीट कर. फोन इथं ठेवून जा."

काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि हातोडी घेऊन निघाले. ओरडा खाऊन इतका खूश झालेला माणूस मुलांनी आजवर पाहिला नव्हता.